हरित किनारा पक्षाच्या सत्यभामाबाई

सत्यभामा तांडेल जिल्हा परिषदेत निवडून आल्या, तेव्हा 'हरित किनारा पक्षा'च्या त्या एकट्याच सदस्य होत्या. खाडीतलं कांदळवन तोडून जेटी बांधायचा ठराव आला आणि विरोधात त्यांचा एकटीचा हात वर झाला. मग त्या कोर्टात गेल्या आणि जेटी थांबली. पण पोरांच्या नोकऱ्या घालवल्या म्हणून गाव त्यांच्याशी बोलेनासं झालं. पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या.

नवरा वारल्यावर मुलगा संजय त्यांना अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. सगळे कामाला, शाळेला गेले की घरात त्या एकट्याच उरायच्या. एका रविवारी संजयने सगळ्यांना होडीतून तिथलं कांदळवन दाखवायला नेलं. सत्यभामाबाईंनी पाण्यात हात घालून एक मूळ चाचपलं. नातीला म्हणाल्या, "मिहिका, अशाच झाडांसाठी मी भांडले होते गं."

"ओह, नाइस, आजी," म्हणत मिहिकाने स्वतःचा फोटो काढला.

त्याच आठवड्यात पक्षाचे अध्यक्ष भिवाअण्णा यांचा फोन आला. "ताई, यंदा उभं ऱ्हायला कोणीच नाय."

"मी येते," त्या म्हणाल्या.

संजय वैतागला. "आई, तिथे तुझ्याशी कोणी बोलत नाही."

"इथे तरी कोण बोलतं रे?"

दुसऱ्या दिवशी संजयने त्यांचं विमानाचं तिकीट काढलं.

त्या पुन्हा पडल्या, डिपॉझिटही गेलं. परत कधी येतेस, असं संजयने फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, "खाडीवर जाऊन आले. झाडं चांगली वाढलीत. आता इथेच राहते."

"एकटीच?"

"त्याची सवय आहे मला."