हवाई मुराळी

अंतर नावाची गोष्ट जगात नाहीच, ती एसटीवाल्यांनी तिकिटं खपवायला काढली आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला. अंबडला आमच्या शेजारी राहणारे मामा. मामा सगळी गावं हवेतून मोजायचे. भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणायचे, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे आणि विमानाला किती वेळ लागेल ते जाहीर करायचे. एकदा घनसावंगीच्या जीपला मागे लटकलेले असतानाही त्यांनी ऐकवलं, "हवेतून पाह्यलं तर पाच मिनिटं बी न्हाई." ड्रायव्हर म्हणाला, "मामा, निम्मे तर तुम्ही हवेतच चालले." मामांना ते मान्य होतं.

मला सख्खा भाऊ नाही. त्यामुळे पंचमीला मला आष्टीच्या सासरहून माहेरी न्यायला मुराळी म्हणून मामाच यायचे. गल्लीतल्या बिनभावाच्या सगळ्या लेकींचे मुराळी तेच. एका वर्षी एसटी रस्त्यात बंद पडली आणि दुपारी येणारे मामा दिवेलागणीला घामाघूम होऊन पोचले. सासूबाई दारातच उभ्या. मामा म्हणाले, "उशीर कुठं? विमान असतं तर मी आजून घरून निघालो बी नसतो." सासूबाईंना यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यांनी मुकाट्यानं मला पाठवलं.

आणायची राहिली ती त्यांची स्वतःची थोरली बहीण. आक्काला हैदराबादला दिलेली. मामांनी दोरा ताणला, एक तास निघाला आणि तिथेच घात झाला. औरंगाबादहून तिकडे विमान सुरू झालं की आक्काला त्यातूनच आणायची, असा हट्ट धरून बसले. आक्का फोनवर म्हणायची, "रेल्वेनं ये की रे. राती जालन्याला बसलास की सकाळी इथं."

एसटीडीच्या खोक्यातून मामा ओरडायचे, "औंदा विमान सुरू होऊन राह्यलं, आक्का! एका घंट्याच्या रस्त्याला रातभर कशाला?"

असं किती पंचम्यांना झालं! मी माहेरच्या झोक्यावर आणि ती तिकडे गॅलरीत वाट बघत. हे आठवलं की मला मामांचा अजूनही राग येतो.

अखेर ते विमान सुरू झालं. मामा कोरं धोतर नेसून पहाटेच्या एसटीनं औरंगाबादला गेले, विमानतळावर ताटकळले, हैदराबादला उतरून पत्ता विचारत फिरले आणि दिवस मावळताना आक्काच्या दारात पोचले. पण बढाई मारल्याशिवाय राहवेल तर ते मामा कसले! म्हणाले, "बराबर एक घंटा लागला, आक्का."

आक्काचे गुडघे तोवर पार गेले होते. जिना उतरणंसुद्धा बंद झालेलं, मग अंबड कुठलं! खाटेवरूनच तिनं भावाकडे पाहिलं.

"एकच घंटा? मंग इतके साल का लावले रे?"

मामा एकटेच परत आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. त्या दिवशी मात्र मला त्यांचा राग आला नाही.

"दिवसभर लागला म्हणून सांगाया पाह्यजे होतं, पोरी," ते म्हणाले. "जरा तरी लांब वाटलं असतं तिला."