जागच्या जागी झालेला दौरा

मामा जीप चौथ्या गियरमध्ये पळवत होता आणि जीप जागची हलत नव्हती. मागचा भाग विटांच्या थरावर चढवलेला, चाकं हवेत गरगर फिरताहेत, गॅरेजभर धूर. मामा डोळे चोळत मीटरकडे बघतोय. समोर भिंत, आणि भिंतीवर नगरपालिकेनेच रंगवलेलं: इंधन वाचवा.

हसू नका. हे काम त्याला ऑफिसने दिलं होतं.

झालं असं की नगरपालिकेचे साहेब, अध्यक्ष आणि चार-पाच सदस्य कचऱ्याचा अभ्यास करायला म्हणून आठवडाभर बाहेर जाऊन आले. अभ्यास समुद्रकाठच्या हॉटेलात झाला. तिथे कचरा होता की नाही देव जाणे, यांनी जाऊन केला असेल तेवढाच. गेले एका ठेकेदाराच्या एसी गाड्यांतून, फुकटात. आणि डिझेलचं बिल लावलं नगरपालिकेच्या जीपच्या नावावर. जीप तर गॅरेजमध्ये घोरत पडलेली. आता हिशोब तपासणारे येणार म्हटल्यावर सगळ्यांची तंतरली. बिलाच्या हिशोबाने मीटर नऊशे किलोमीटर मागे होता.

हेडक्लार्कने मामाला बाजूला घेऊन सांगितलं, दोन दिवसांत मीटर पुढे गेला पाहिजे, पण गाडी रस्त्यावर न्यायची नाही, लोक बघतात. विटांची आयडिया त्याचीच. एवढं डोकं त्याने गटारं साफ करायला वापरलं असतं तर गाव चकाचक झालं असतं.

मामा नाही म्हणू शकला असता? शकला नसता. केस पांढरे झाले तरी माणूस रोजंदारीवरच. ताप आला की त्या दिवसाची मजुरी गेली. यंदा ड्रायव्हरची एक जागा कायम होणार होती आणि साहेब स्वतः बोलले होते, मामा, जागा तुमचीच. तेव्हापासून मामी जपून श्वास घेत होती. रोज निघताना तिचं एकच, "अहो, कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लावा."

कुलूप त्याने लावलंही. पहिला दिवस धुरात काढला. घरी आला तर मामी गुडघ्याला तेल चोळत बसलेली. वरच्या वस्तीत, म्हणजे आमच्याकडे, पाण्याचा टँकर येणं बंद झालं होतं. डिझेलला मंजुरी नाही म्हणे. मामी खालच्या पंपावरून पाण्याचे दोन कॅन भरून चढ चढून आली होती. मामा जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चाकं हवेत. शेजारीच तो टँकर उभा, कोरडा ठणठणीत. टँकरवाला बंपरवर बसून बिड्या ओढत होता. ऑफिसच्या शिपायाने जीपसाठी डिझेलचा आणखी एक कॅन आणून ओतला. टँकरवाला शांतपणे म्हणाला, "मामा, तुझी हवेत पिते, माझी जमिनीवर उपाशी."

मामाने इंजिन बंद केलं. मग उतरला, जॅक लावला, विटा काढल्या, चाकं जमिनीला टेकवली. टँकरवाल्याने विचारलं, काय करतोस, मरायचंय का. मामा म्हणाला, "मीटर पळवायचाय ना? पळवतो."

त्याने मागची बाकं काढली, पंपावरून पाण्याचे ड्रम भरून घेतले आणि जीप वर वस्तीत नेली. रिकामे ड्रम घेऊन खाली, भरलेले घेऊन वर. दारादारांतून बायका घागरी, बादल्या, प्रेशर कुकरसुद्धा घेऊन धावल्या. कुणीतरी विचारलं, मामा, साहेबांची गाडी आज इकडे कशी?

"साहेबांचा दौरा पुरा करतोय," मामा म्हणाला. आणि कुलूप तोडून सगळं सांगून टाकलं. विटा, मीटर, हॉटेल, सगळं.

मग काय, वस्तीला विषयच मिळाला. प्रत्येक खेपेला बायका ओरडून विचारायच्या, दौरा कुठवर आला? मामा म्हणायचा, आता घाट संपला. पुढच्या खेपेला म्हातारी शेजारीण म्हणाली, "समुद्र दिसला की सांग रे, पाय बुडवून घेते." लोक हसत होते आणि हसता हसता शिव्या घालत होते. आमच्या घरपट्टीवर पाय बुडवून आले, मेले. मामी तेवढी हसली नाही. तिने आपली बादली भरून घेतली आणि आत गेली.

संध्याकाळपर्यंत हेडक्लार्ककडे बातमी पोचली. साहेबांनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. मीटरबद्दल बोलायची सोय नव्हती, मीटर पळतच होता. म्हणून सरकारी वाहनाचा गैरवापर, असं नाव दिलं. गैरवापर! पाणी वाहिलं म्हणून! मामाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं आणि कायम जागेचा विषय संपला, असंही.

मामी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा एवढंच म्हणाली, एक खेप कमी केली असती तरी जागा गेलीच असती, मग भरपूर केल्या ते बरं. आपणच आपल्या हाताने जागा घालवली, हे मामाच्या मनातून जाईना. आता तो एका शाळेची बस चालवतो.

मला खरं कळलं ते वर्षाने, टँकरवाल्याकडून. ती कायम जागा साहेबांनी दौऱ्याला निघायच्या आधीच अध्यक्षांच्या मेव्हण्याला देऊन टाकली होती. मेव्हणा दौऱ्यात होता, आणि जीपच्या बिलात ड्रायव्हर म्हणून त्याचंच नाव होतं. त्याला गाडी चालवता येत नाही.