साहाय्य होऊ शकते

पूरक आहाराच्या कारखान्यात खाली मिश्रणं चालत आणि वर कचेरीत चहाच्या कपावर हिरवी धूळ सायीसारखी जमायची. त्या धुळीत बसून आमचे कदाचितराव लेबलं लिहीत. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं. पण 'जेवलात का?' विचारलं तर 'जेवण झाल्यासारखं वाटतंय' म्हणणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

दोष त्यांचा नव्हता, धंद्यानंच जीभ तशी वळवली होती. डबीवर 'साखरेचा आजार बरा होतो' छापलं, की कायद्यानं ते औषध झालं. मग चाचण्या, परवाने, डोक्याला ताप. 'साखरेचा समतोल राखण्यास साहाय्य होऊ शकते' छापलं, की ते खाणं. खुशाल विका. तपासणीस यायचा तो भिंग घेऊन, पण गोळीत काय आहे ते बघायला नव्हे, लेबलावर काय लिहिलंय ते बघायला. कदाचितरावांच्या लेबलावर त्याला कधी बोट ठेवता आलं नाही.

घोळ झाला तो घरात. थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना आईच्या मायेनं वाढवलेलं. तिला साखरेचा आजार. एक दिवस डॉक्टरांच्या गोळ्यांची पाकिटं फडताळात न फोडता पडलेली दिसली, आणि ओट्यावर कंपनीची डबी.

"आक्का, गोळ्या बंद केल्यास?"

"केल्या. पोटात नुसती गडगड. आता हे घेते. तूच लिहिलंयस की."

"अगं, मी 'होऊ शकते' लिहिलंय."

"मग होईल की!"

"त्यानं आजार बरा होतो, असं म्हणता येणार नाही."

"मेल्या, लहानपणापासून तुला स्वतःच्या कामाचं कौतुक सांगता येत नाही. आणि खोटं असतं तर सरकारनं विकू दिलं असतं होय?"

यावर कदाचितरावांकडे उत्तर होतं, पण ते फारच स्पष्ट होतं. म्हणून गिळलं.

आक्काची साखर चढत गेली. तळपायाला जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टरांनी कदाचितरावांना बाजूला घेतलं. "औषध घेतलं नाही तर पाय कापावा लागेल." या वाक्याला मागेपुढे काही जोडलेलं नव्हतं.

त्या दिवशी कदाचितरावांनी डबी रिकामी केली आणि तिच्यात डॉक्टरांच्याच गोळ्या भरल्या. "सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. नवी पद्धत आहे," म्हणाले.

"ह्या पांढऱ्या कशा रे?"

"रंग कमी केलाय."

"बरं केलंत. जीभ हिरवी व्हायची."

खाण्याच्या मालात औषध घालणं, यापरता मोठा गुन्हा त्यांच्या धंद्यात नव्हता. कारखान्यातून निघालेल्या सगळ्या मालात लेबलाला जागणारी डबी तेवढी एकच, आणि बेकायदेशीरही तीच.

साखर उतरली, जखम सुकली. आक्का जिन्यात, दुकानात, जो भेटेल त्याला डबीचे गोडवे ऐकवू लागली. मग एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई वर आल्या. तोच आजार, सुजलेली पावलं.

"भाऊ, मलाही आणा की डबी. माझ्या गोळ्या मी आत्ताच दाराबाहेरच्या केराच्या बादलीत टाकल्या. कटकट गेली!"

"बंद करणं कदाचित..." कदाचितराव थांबले. बाईंच्या पावलांकडे बघितलं. "बाई, या डबीत डॉक्टरांच्याच गोळ्या आहेत. मी भरल्यात. आमच्या गोळीनं साखर उतरत नाही."

आक्कानं डबी उघडून आत बघितलं, मग भावाकडे.

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"हो."

"आणि डबीवर छापलंय ते?"

"त्यात फसवणूक नाही आक्का. ते कायद्याला धरून आहे."

आक्कानं तोंड उघडलं, पण शिवी बाहेर पडायच्या आत खाली रस्त्यावर केराच्या गाडीचा भोंगा वाजला, आणि शिवणवाल्या बाई सुजलेल्या पावलांनी जिन्याकडे धावल्या.