थंड चहा पिणारे माझे व्याही

चुकीचं बोलण्यात माझ्या व्याह्यांचा हात धरील असा माणूस अख्ख्या वसईत नाही. गिरीजला चाळीस वर्षं वाडी केली, तरी नारळाला पाणी शेंड्यावर मारावं असं मला तोंडावर सांगायचे. रोज साडेचारला त्यांची स्कूटर आमच्या सांडोरच्या अंगणात यायची. हेल्मेट न काढताच ओट्यावर बसायचे, त्यामुळे माझं अर्धं त्यांना ऐकूच जायचं नाही आणि मला ओरडावं लागायचं. चहा पुढे आला की पार गार होईतो कपाला हात लावायचे नाहीत. "मला थंडच लागतो," म्हणायचे. मलाही थंडच लागतो, पण माझं कारण वेगळं.

माझ्या जिभेची चार वर्षं झाली आग होते. सकाळी बरी असते, दुपारी चुणचुणते आणि संध्याकाळी चर्चची घंटा होईतो मिरची वाटून थापल्यासारखी पेटते. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, तोंडात काहीच दिसेना. न दिसणारं दुखणं कोणाला सांगायचं? मी बोलणंच टाकलं. बायको भांडं ठेवतानाही आधी माझ्याकडे बघायची. व्याह्यांनी मात्र जिभेची चौकशी एकदाही केली नाही. ते म्हणायचे, राजेळी केळी हिरवीच सोलून वाळवली की सुकेळी गोड होतात. मी चौथी नापास, पण केळ्यातलं मला कोणी शिकवू नये. आधी पिकवायची कशी, ऊन किती दाखवायचं, हे त्यांच्या हेल्मेटात घालता घालता घंटा होऊन जायची आणि मला पत्ताही नसायचा.

यंदा त्यांचा गुडघा गेला, स्कूटर बंद झाली. आठवडाभर संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडलो. कोणाच्या दारी आपणहून जायची मला सवय नाही, पण शेवटी रिक्षा केली. त्यांच्या अंगणात सुकेळी वाळत होती, पूर्ण पिकवून सोललेली, माझ्यापेक्षाही सरस. माझी लेक त्यांची सून. तिने त्यांच्यापुढे वाफाळता चहा ठेवला. म्हणाली, "यांना जरा कोमट झाला तरी कप परत येतो." मी बघतच राहिलो. ते मान खाली घालून बसलेले. गुडघ्याचं मीही विचारलं नाही.

"व्याही, ही केळी फुकट घालवलीत," मी म्हटलं. "हिरवीच सोलायची असतात."

त्यांनी मान वर केली. "कोणत्या गाढवाने सांगितलं तुम्हाला?"

"आहे एक गिरीजचा."

मग कप बाजूला सारून ते मला समजावत बसले. घंटा झाली. जीभ पेटायची ती पेटलीच, पण मी उठलो नाही. त्यांचा चहा मात्र खरोखर गार झाला. आभार कसे मानतात ते मला येत नाही. उद्या जाऊन नारळाच्या शेंड्याचं काढीन म्हणतो.