एकटीचंच उत्तर वेगळं कसं?

मंडळी, आज कुडव्याच्या माझ्या क्लासमध्ये बारावीच्या केमिस्ट्रीचे पेपर तपासले. तीन कार्बननी वेढलेल्या कार्बनवरचं ब्रोमीन जाऊन तिथे ओएच कसा बसतो, हा प्रश्न होता.

सगळ्यांनी लिहिलं, ओएच मागून येऊन ब्रोमीनला ढकलतो. दरेकशाहून येणाऱ्या एकाच मुलीने लिहिलं, आधी ब्रोमीन निघतं, मग ओएच येतो.

मला लगेच संशय आला. "कुठून कॉपी केली?"

"कॉपी कायले करू मॅडम? तीन कार्बनच्या एवढ्या गर्दीत ओएचले मागून घुसायले जागाच नाही ना."

"मग बाकीचे सगळे चुकले?"

"त्यायनं तुमच्या फळ्यावरचं लिहिलं. त्या दिवशी माझी गाडी चुकली होती, मी पुस्तकातून वाचलं."

तिच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलीची वही उघडली. ओएच मागून येतो असं दाखवणारा चुकीचा बाण मीच फळ्यावर काढून दिला होता.

सांगा, सगळ्यांचं उत्तर एकसारखं आलं, तेव्हा मला संशय काऊन नाही आला?