वीस मिनिटं हात न काढता

त्या दवाखान्याच्या हृदयाच्या वॉर्डात थोरल्या सिस्टरचा उजवा हात सगळ्यांच्या परिचयाचा होता. मांडीच्या मुळाशी असलेल्या रक्तवाहिनीतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची, अरुंद झालेली जागा फुग्याने रुंद करायची आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून जाळीची इवलीशी नळी, म्हणजे स्टेंट, तिथे बसवायचा, हे सगळं डॉक्टरांचं काम. घरचे लोक हात जोडायचे तेही डॉक्टरांना. पण तार आत न्यायला मांडीत ठेवलेली नळी चार-सहा तासांनी काढून घ्यायची आणि त्या जागेवर बोटांनी दाब द्यायचा, हे काम सिस्टरचं. वीस मिनिटं, हात जराही न हलवता. दाब कमी पडला तर रक्ताची चिळकांडी, आणि फार पडला तर पाय थंडगार.

आता बहुतेकांचं मनगटातूनच होतं आणि मनगटाला पट्टा बांधला की भागतं. पण ज्यांची मनगटाची नस दाद देत नाही, त्यांची पाळी अजूनही मांडीवर येते आणि मग सिस्टरच्या नावाचा पुकारा होतो.

वीस मिनिटं एका माणसाने दुसऱ्यावर ओणवं राहायचं म्हणजे बोलणं आलंच. एका वाण्याने एकदा विचारलं, “सिस्टर, हा हात माझ्या तराजूत ठेवला तर किती भरेल हो?”

“तुमची बडबड वजा करून सांगते,” सिस्टर म्हणाल्या, आणि आजूबाजूच्या खाटांवरचे सगळे छातीला हात लावून हसले.

शेवटच्या पाच मिनिटांत मात्र सिस्टर थट्टा आवरायच्या. “आता कान देऊन ऐका. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या दिल्यात. आत बसवलेली जाळी शरीराला परकी वाटते. तिच्यावर रक्त गोठायला टपलेलं असतं. वर्षभर एक दिवससुद्धा चुकवायची नाही. घरात कार्य असो नाहीतर मयत असो. कंटाळा आला तर मला येऊन शिव्या घाला, पण गोळी घ्या.” असं त्यांनी हजारो लोकांना सांगितलं असेल.

त्यांचे यजमान सुतारकाम करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, सिस्टरसुद्धा रागावल्या की मिस्त्रीच म्हणायच्या. अंगाने सडपातळ, कामात हट्टी. एखादा खण अर्धा केस घासतोय असं वाटलं तरी पुन्हा रंधा मारणारे. घराला लागूनच त्यांची कार्यशाळा होती. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, घरात दोघंच.

एकदा दोघं बाजारातून परत येत होती. चढावर मिस्त्री एका भांड्यांच्या दुकानासमोर थांबले आणि काचेतून पातेली न्याहाळू लागले. वीस पावलांवर चपलांच्या दुकानासमोर थांबले. मग एका शिंप्याच्या दुकानासमोर, जिथे बघण्यासारखं काहीच नव्हतं. ज्या माणसाने तीस वर्षांत दुकानाच्या काचेकडे मान वळवली नव्हती, तो एका चढावर तीनदा थांबला, तेव्हा सिस्टर त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“छाती भरून येतेय ना?”

“छे गं. सहज बघत होतो.”

“मिस्त्री!”

“थोडी आवळल्यासारखी होते,” मिस्त्री म्हणाले. “थांबलं की जातं.”

दुसऱ्याच दिवशी तपासणी झाली. हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. मनगट सुताराचं, पण आतली नस दोऱ्यासारखी बारीक. तार वर जाईना, म्हणून मांडीतून करावं लागलं. एक स्टेंट बसला. पडद्यावर रक्त झरझर पुढे गेलेलं सिस्टरनी काचेपलीकडून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे आत टेकू लावला म्हणायचा,” मिस्त्री डॉक्टरांना म्हणाले. “कसला आहे? सागवानी नाही ना?”

“सागवानाहून टिकाऊ,” डॉक्टर म्हणाले. “फक्त गोळ्या सांभाळा.”

सिस्टर हसल्या. आपल्या घरात गोळ्यांची कसली काळजी! त्यांनी खणाखणांची डबी आणली. दर रविवारी सकाळी त्या ती भरायच्या आणि रोज रात्रीचा खण रिकामा झाला की नाही ते बघायच्या. खण रोज रिकामा असायचा.

मिस्त्रींना त्याच सुमारास आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम मिळालं होतं. शहरातल्या नव्या वाचनालयाच्या गोल जिन्याचा कठडा. फिकट, जवळजवळ दुधाळ रंगाचं लाकूड आणि त्याला तीन मजले चढत जाणारं वळण. महिनाभर विश्रांती घेऊन ते कामाला लागले आणि तिसऱ्या दिवशी पटाशी निसटली. अंगठ्याला लहानसं कापलं. एरवी चिंधी गुंडाळून काम सुरू झालं असतं, पण रक्त थांबेचना. पाऊण तास गळत राहिलं. त्या दुधाळ लाकडावर पाच-सहा थेंब पडले आणि रेषांमध्ये मुरले. घासूनही गेले नाहीत. तेवढा तुकडा कापून टाकावा लागला. चार दिवसांनी पुन्हा तेच. यातलं सिस्टरना एवढंच कळलं की अंगठ्याला पट्टी आहे. सुताराच्या अंगठ्याला पट्टी नसली तरच विचारायचं.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, वाचनालयातल्या जिन्यावरून मिस्त्रींना उचलून आणलं. सिस्टर वॉर्डात चादरी मोजत होत्या. स्ट्रेचर दारातून आत आलं, त्यावरचा भुशाने माखलेला सदरा त्यांनी आधी पाहिला, मग चेहरा. चेहरा राखेसारखा झाला होता.

डॉक्टर धावत आले. हातमोजे चढवता चढवता त्यांनी विचारलं, “गोळ्या चालू आहेत ना?”

“एकही चुकलेली नाही,” सिस्टर सगळ्यांसमोर म्हणाल्या. “मी स्वतः डबी भरते.”

स्टेंटमध्ये गुठळी अडकून तो पार बंद झाला होता. डॉक्टरांनी गुठळी ओढून काढली, पुन्हा फुगा फुगवला, वाट मोकळी केली. माणूस वाचला. पण तोवर हृदयाचा पुढचा भाग बराच वेळ रक्तावाचून राहिला होता.

दुपारी मांडीतली नळी काढायची वेळ झाली. धाकटी सिस्टर म्हणाली, “ताई, मी करते. तुम्ही बसा.”

“माझं माणूस आहे,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी बाह्या वर केल्या.

पडदा ओढला. मिस्त्री शुद्धीवर होते, पण आवाज खोल गेला होता. सिस्टरनी दाब दिला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच-सात मिनिटं गेली.

“अगं,” मिस्त्री म्हणाले, “एक सांगायचंय. रागावू नकोस.”

“बोलू नका. पडून राहा.”

“ती रात्रीची गोळी. मी घेत नव्हतो.”

सिस्टरना आधी कळलंच नाही. “कुठली?”

“रक्ताची, ती दुसरी. अंगठा कापला होता ना. रक्त थांबत नव्हतं. लाकूड खराब होत होतं. म्हटलं, कठडा संपेपर्यंत थांबवू. दोन-तीन आठवड्यांचा तर प्रश्न होता.”

“पण डबी तर...”

“काढून भुशात टाकत होतो.” मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. “तुला सांगितलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस.”

सिस्टरना ओरडायचं होतं. त्या माणसाला गदागदा हलवायचं होतं, निदान पाठ फिरवून बाहेर जायचं होतं. पण हात काढता येत नव्हता. अजून अकरा मिनिटं बाकी होती. डोळ्यांतून पाणी वाहून नाकाच्या शेंड्यावर जमलं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. त्या तशाच ओणव्या राहिल्या. दाब कमी झाला नाही की जास्त झाला नाही.

“लेकीला सांगू नकोस,” शेवटी मिस्त्री म्हणाले. “बाप एवढा मूर्ख होता, असं तिला वाटायला नको.”

“नाही सांगत,” सिस्टर म्हणाल्या. ती वेळ वाद घालायची नव्हती.

संध्याकाळी त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. “सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं,” असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी समोरची फाइल मिटली.

“गोळी घेऊनही क्वचित गुठळी होते,” ते म्हणाले. “पण तुम्ही इथल्या आहात, मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. गोळी सुटली म्हणूनच झालं असणार.” मग हळू आवाजात म्हणाले, “रक्त थांबत नाही एवढं जरी येऊन सांगितलं असतं ना, तर आपण गोळी बदलली असती. त्याहून सौम्य गोळी आहे.”

तेवढं एक वाक्य सिस्टरच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. नुसतं विचारायचं होतं. आणि विचारायला दवाखान्यातही यायला नको होतं, शेजारच्या उशीवर विचारलं असतं तरी चाललं असतं. हजारो लोकांना सांगितलं, आणि दिव्याखालीच अंधार.

मिस्त्री पुढे पाच महिने जगले. हृदयाची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आली होती. अंघोळ केली तरी धाप लागायची. तीन उशांना टेकून झोपायचे, पावलं सुजायची. दुपारी कार्यशाळेच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि आतल्या हत्यारांकडे बघत राहायचे. कठडा दुसऱ्या कुणी पुरा केला. कसा झाला ते विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही. सिस्टर त्यांना रोज वजनकाट्यावर उभं करायच्या, गोळ्या हातावर ठेवायच्या आणि घोट गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. मिस्त्री गोळी गिळून तोंड उघडून दाखवायचे, शाळेतल्या मुलासारखे. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा सिस्टरना हसू आलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन त्या खूप रडल्या. त्या गोष्टीवरून त्या त्यांना एकदाही बोलल्या नाहीत. बोलायला हवं होतं की काय, हे त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच मिस्त्रींची मान कलंडली.

लेक आली, तेरा दिवस राहिली. तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. दोन महिन्यांत स्टेंट बंद पडतोच कसा? कुणीतरी तिला सांगितलं होतं की जाळीच निकृष्ट असणार, नाहीतर डॉक्टरांनी नीट बसवली नसणार. तिने तक्रारीचा अर्ज लिहून आणला. त्यात डॉक्टरांचं नाव होतं.

“आई, तू सही कर. तू आतली आहेस, तुझ्या सहीला वजन आहे.”

सिस्टरनी अर्ज दोनदा वाचला. एकीकडे गेलेल्या माणसाला दिलेला शब्द. दुसरीकडे ज्या डॉक्टरांनी त्या माणसासाठी दोनदा जिवाचं रान केलं, त्यांची अब्रू. इकडे आड, तिकडे विहीर. मिस्त्री असते तर त्यांना विचारता आलं असतं. पण विचारायचं सगळं राहूनच गेलं होतं.

“बस,” त्या लेकीला म्हणाल्या. “तुझ्या बाबांनी मला सांगू नको म्हटलं होतं.”

त्यांनी सांगितलं. अंगठा, लाकूड, भुसा. लेक ऐकत होती, आणि तिचा चेहरा दगडासारखा होत गेला.

“हे तू आता सांगतेस?” ती म्हणाली. “बाबा नाहीत आता, काय हवं ते त्यांच्यावर ढकल. नोकरी वाचवायचीय ना तुला?”

“अगं, काय बोलतेस!”

“बाबा माझ्याशी रोज फोनवर बोलायचे. एकदा तरी म्हणाले असते.”

अर्ज तिने फाडला नाही, पाठवलाही नाही. पिशवीत कोंबला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेली. बसपर्यंत पोचवायला येऊ नकोस म्हणाली.

त्यानंतर रविवारी फोन यायचा. तब्येत बरी आहे ना, पाणी येतंय ना, बरं ठेवते. दोन मिनिटांत संपायचा. सिस्टर कामावर जात राहिल्या. डॉक्टरांना त्यांनी अर्जाचं कधीच सांगितलं नाही. डॉक्टर मात्र मिस्त्री गेल्यापासून त्यांच्याशी पूर्वीसारखं थट्टेने बोलेनासे झाले, जपून बोलू लागले, आणि ते जपणंच सिस्टरना जड जायचं. सांत्वन करणाऱ्यांना त्या म्हणायच्या, “बरं आहे माझं.” लोकांना ते खरं वाटायचं, कारण त्यांचा हात पूर्वीइतकाच स्थिर होता.

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी फोन आला. तब्येतीचं झालं, पाण्याचं झालं. “बरं, ठेवते” आलं नाही.

“आई,” लेक म्हणाली, “बाबांनी मला का नाही गं सांगितलं?”

सिस्टर खुर्चीवर बसल्या. “मलाही कुठे सांगितलं होतं बाळा.”

त्या दिवशी फोन दोघींपैकी कुणीच लवकर ठेवला नाही.