ओट्यामागची भिंत

ब्लॉगसाठी विषय सुचला की लगेच टिपून ठेवा, नाहीतर विसराल, असं सांगणारे लेख मी ढिगाने वाचले आहेत. उशाशी वही ठेवा, फोनमध्ये अमुक ॲप घ्या, सकाळी फिरायला जाता तेव्हा बोलून रेकॉर्ड करा. फिरायला जाता तेव्हा म्हणे! या लोकांपैकी एकानेही आयुष्यात ज्वारीचं पीठ मळलेलं नाही, हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे. मला विषय सुचतो तो सकाळी, भाकरी थापताना. हाताखाली एक भाकरी फिरत असते, तव्यावर दुसरी फुगत असते, कुकर बोंबलत असतो, आणि मला कचेरीत नेणारी बीडची गाडी चौसाळ्याच्या स्टँडवर माझी वाट बघत थांबणार नसते. दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात. फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. हात धुऊन, पुसून तिथपर्यंत जावं तर भाकरी करपते आणि विषयही जातो. हे माझं नेहमीचं आहे.

बोलून रेकॉर्ड करण्याचा उद्योगही करून पाहिला. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि हळू आवाजात सुरुवात केली. बाहेरून धाकट्या दिरांनी विचारलं, ‘‘वैनी, कुणासंगं बोलायल्यात?’’ माझ्या नवऱ्याने परस्पर उत्तर दिलं, ‘‘सोताशीच. ब्लॉग हाय तिचा.’’ मग दोघंही खो खो हसले. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यानंतर मी फोनशी बोलले नाही.

मग मी भिंत धरली. आमच्याकडे भिंतीवर लिहिणं काही नवं नाही. दुधाच्या रेघा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, सुताराचा फोन नंबर, सगळं ओट्यामागच्या भिंतीवरच असायचं. त्या गर्दीत मीही पेन्सिलीने एकेक शब्द लिहू लागले. एका विषयाला एकच शब्द. पिठाचा हात भिंतीला लागतो, म्हणून जास्त लिहायची सोय नव्हती. पण एक शब्द पुरायचा. रविवारी त्याच्यापुढे उभं राहिलं की मागची सगळी गोष्ट जशीच्या तशी परत यायची.

त्यातले बहुतेक शब्द आत्याचे होते. आत्या म्हणजे माझी सासू. तिचं माहेर शिरूर कासारकडचं, आणि लहानपणी ती दरवर्षी आईबापांमागे ऊसतोडीला जायची. मी भाकरी थापायला उभी राहिले की ती खाली पाटावर लसूण सोलत बसायची आणि बोलायची. एकदा म्हणाली, ‘‘फडात आमी पोरी उसाच्या शेंड्याच्या, वाढ्याच्या मोळ्या बांधायचो आन् कविता म्हणायचो. पर दिवाळीपतूर शाळेत शिकवल्या तेवढ्याच. दिवाळीनंतरची कविता मला एकबी येत न्हाई.’’ दिवाळीनंतर तिची शाळा उसाच्या फडात भरायची. मी हात पुसायच्या भानगडीत न पडता ‘कविता’ एवढंच लिहिलं. वर पिठाचा अंगठा उमटला.

‘‘आत्या, तुमच्यावर लिहिणार आहे मी,’’ म्हटलं की ती म्हणायची, ‘‘लिही की. पर भाकर करपू दिऊ नको.’’

हिवाळ्यात ती गेली. चार दिवसांच्या तापाने गेली. माझे तिच्यावरचे दोनच लेख झाले होते. बाकीची आत्या भिंतीवर होती.

जयंतीला घर रंगवायचं, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. दिवाळीला भिंती पोपडे धरून बसल्या तरी चालतात, पण एप्रिलमध्ये निळे झेंडे लागले की दारं-भिंती नव्याकोऱ्या हव्यातच. दरवर्षी बाहेरची खोली आणि दर्शनी भिंत, एवढंच आमच्या घरी होतं. यंदा मी दोन दिवस कचेरीच्या प्रशिक्षणाला बाहेरगावी गेले आणि माझ्यामागे घरातल्या पुरुषांना माझी दया आली. काळवंडलेल्या भिंतीपुढे ही राबते, हिला जरा बरं वाटेल, म्हणून नवरा आणि दीर दोघं भावांनी मिळून स्वयंपाकघर रंगवायला काढलं.

मी आले तेव्हा ओट्यामागची भिंत चकाकत होती. नवरा म्हणाला, ‘‘ऑइलपेंट हाय. तेल उडू दे, हळद उडू दे, फडकं मारलं की साफ.’’ दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते, मी काय म्हणते म्हणून.

‘‘इथं लिहिलेलं कुठंय?’’ मी विचारलं.

‘‘ते पेन्सिलीचं व्हय?’’ दीर म्हणाले. ‘‘लई घासावं लागलं त्याला. पॉलिश पेपर मारला, मंग पुट्टी, मंग रंग.’’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले. शेजारणी दारात आल्या इतकी ओरडले. नवरा आधी चकित झाला, मग त्याला राग आला, कारण केलेल्या कामाचं चीज झालं नव्हतं. त्याने शहाण्या माणसाचा आवाज काढून सांगितलं, ‘‘अगं, महत्त्वाचं असंल तर राहील की ध्यानात.’’

या वाक्याचा मला मनापासून संताप आहे. हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, त्याला त्या वेळी कुणीतरी ताट वाढून देत असणार. माझ्या नवऱ्याच्या ध्यानात काय राहतं, सांगू? क्रिकेटचे स्कोअर. कारण बाकीचं ध्यानात ठेवायला मी आहे. गॅस संपत आलाय, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या उद्या आणायच्यात, वडवणीच्या नणंदेकडे कधी जायचंय, पाणी कधी सुटणार आहे. एवढं सगळं माझ्या डोक्यात कोंबल्यावर माझ्या स्वतःच्या गोष्टीला उरलेली जागा म्हणजे ती हातभर भिंत. तीही यांनी मायेने घासून काढली. वाईट हेतूने केलं असतं तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं. हे म्हणजे आवळा देऊनही नाही, फुकटात कोहळा काढला, आणि वर म्हणतात कसा चकाकतोय बघ.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी उलथनं घेऊन एक कोपरा खरवडला. खाली पांढरी पुट्टी निघाली. तिच्याखाली सिमेंट.

मग मी डोकं धरून बसले आणि एकेक शब्द आठवून काढला. बरेच आले. एक आला नाही. त्याची जागा दिसते, बटणांच्या बोर्डाखाली, जरा तिरका लिहिलेला. ते सांगताना आत्या लसूण सोलायची थांबली होती आणि इतकी हसली होती की पदराने डोळे पुसत होती. तिचं हसणं मला दिसतं. कशाला हसली ते गेलं. ती गोष्ट तिने आणखी कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही, कारण तिचं ऐकायला घरात दुसरं होतं कोण? मी त्या बोर्डाखाली किती वेळा उभी राहिले असेन. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला.

जयंतीच्या सकाळी पाहुणे यायचे होते. मी परातीत पुऱ्यांची कणीक घेऊन मळायला लागले होते. मामा, म्हणजे माझे सासरे, चहाचा कप ठेवायला आत आले. मामा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण शर्टाच्या खिशाला पेन अजून असतंच. कप ठेवता ठेवता त्यांना भिंतीचा खरवडलेला कोपरा दिसला.

‘‘हे कावून खरवडलं?’’

‘‘आत्या काय काय बोलायच्या, ते लिहिलेलं होतं इथं.’’

‘‘ती?’’ मामांना खरंच नवल वाटलं. ‘‘ती कुठं काय बोलायची? लई मुकी बाई.’’

मुकी! जी बाई रोज सकाळी दोन तास इथे पाटावर बसून बोलली, ती मुकी! बाहेरची खोली इथून हाकेच्या अंतरावर आहे. मामा तिथे बसून बातम्या ऐकायचे. मी कणकेवर नुसत्या मुठी हाणत राहिले. मामा जातील असं वाटलं होतं. ते गेले नाहीत. कपाटाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘काय म्हणायची?’’

‘‘बसा,’’ मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा चढलाच. ‘‘माझे हात भरलेत. तुमचे रिकामे हायेत. पेन काढा आन् लिहा.’’

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. ते निमूटपणे स्टुलावर बसले. जयंतीच्या कार्यक्रमाचं एक पत्रक पडलं होतं, ते उलटं करून गुडघ्यावर धरलं. मी मळत होते आणि सांगत होते, तिच्याच शब्दांत, मला जमेल तसं. कविता सांगितल्या. उसाच्या वाळल्या पाचटावर झोपल्यावर अंगाला सुटणारी खाज सांगितली. मामांचं अक्षर बारीक आणि नीट होतं. मी थांबले की पेनही थांबायचं. बाहेरून नवऱ्याने स्वयंपाकाची चौकशी केली, तेव्हाही आमचं लिहिणं चालूच राहिलं.

मग मी पुढचं सांगायला घेतलं. ‘‘यांच्या गाडीत मी कधी बसून आले न्हाई. कंडक्टरची बायकू बसली आन् पासिंजर उभं राह्यलं, तर लोक यांना बोलतील. म्हणून शिरूरपासून बीडपतूर दांडा धरून उभी. पोटुशी होते तवाबी उभी. हे तिकीट फाडत जवळून जायचे, पर बस म्हणून कधी म्हणले न्हाई.’’

पेन थांबलं. मी कणकेवरून हात काढला नाही.

‘‘गाडीला गर्दी लई असायची,’’ मामा म्हणाले.

‘‘ते तुमचं झालं,’’ मी म्हणाले. ‘‘आधी तिचं लिहा.’’